आकिनच्या मुलखातली बरकत

माझे घरमालक रोज सकाळी स्वतःच्या डोक्याला नमस्कार करायचे. देवाला नाही, सूर्याला नाही, डोक्याला. मागच्या दारी दगडावर बसून तोंड धुतलं की उजव्या हाताची तीन बोटं पाण्यात बुडवून ती टाळूवर टेकवायची आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, डोकं दुखत असेल. मी नर्स, मला माणसात आधी दुखणं दिसतं.

"नाना, बाम देऊ का?" मी विचारलं.

"दुखत नाही, बाई. त्याला विचारतोय, आज मला कुठं नेतोस म्हणून."

त्यांचं नाव सांगत नाही. घरची माणसं अजून आहेत. सगळं तळोदं त्यांना नाना म्हणायचं, मीही तेच म्हणते. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. मी सत्तावीस वर्षांची, पुण्याला नर्सिंग आणि बाळंतपणाचं काम शिकून तळोद्याच्या दवाखान्यात लागलेली. नंदुरबारला आगगाडीतून उतरायचं, मोटारीनं तापीच्या काठापर्यंत यायचं, नावेतून पलीकडे जायचं आणि मग बैलगाडी, एवढं करून मी तिथं पोचले. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा टायफॉईडनं गेला होता, आणि एकट्या बाईला खोली द्यायला गावात कोणी तयार नव्हतं. नाना तयार झाले. मला त्यांचा पहिला संशय आला तो यामुळेच.

पन्नाशीला टेकलेला, मूलबाळ नसलेला विधुर. असा माणूस एकटी तरुण बाई भाडेकरू म्हणून का ठेवील? पहिला महिनाभर मी दाराला आतून कडी लावून वर पाटा टेकवत असे. एक दिवस नाना ओट्यावरूनच म्हणाले, "बाई, पाटा ओढून ओढून कंबर धरेल तुमची. अडसर करून देतो." आणि संध्याकाळच्या आत त्यांनी सुताराकडून सागाचा अडसर करून आणला आणि दाराला आतून बसवून दिला. बाहेरून हत्तीनं धडक दिली तरी दार उघडलं नसतं. मला त्याचाही संशय आला.

नाना लढाईला गेले होते, पण बंदूक त्यांनी कधी हातात धरली नाही. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, अराकानच्या बाजूला, एका लष्करी इस्पितळात ते वॉर्डात कामाला होते. खाटा, पट्ट्या, शौचाची भांडी. त्यांच्या वॉर्डात पश्चिम आफ्रिकेतले शिपाई होते, आणि त्यातला एक आकिन. तो योरुबा लोकांतला. त्याचा बाप त्या लोकांतला जाणता माणूस. लोक त्याच्याकडे सल्ला विचारायला येत. अशा माणसाला ते बाबालावो म्हणत.

"बाबालावो," नाना हा शब्द फार चवीनं उच्चारायचे. "ऐकलंत का, बाई? बाबा. त्यांच्यातही बाबा म्हणजे बापच."

इतकं जुळून येणारं काही खरं नसतं असं माझं मत. मी म्हटलं, "तुम्ही कोणत्या भाषेत बोलत होतात?"

"मोडकी हिंदुस्थानी, मोडकं इंग्रजी. त्याला वेदना व्हायच्या तेव्हा तो त्याच्या भाषेत बोलायचा आणि मी अहिराणीत. तेव्हाच जास्त कळायचं."

घराची बरकत पिढ्यान् पिढ्या कशी टिकवायची, हे आकिननं नानांना सांगितलं होतं आणि नाना ते सगळ्या गावाला सांगत. त्या मुलखात बरकत म्हणजे नुसता पैसा नव्हे. आधी लांब आयुष्य, मग लेकरं, मग पैसा. मागायचं तेही याच क्रमानं. माणूस जन्माला येण्याआधी एका कुंभाराकडे जातो आणि मडकं पारखून घ्यावं तसं आपलं डोकं निवडून आणतो. कोणाचं पक्कं भाजलेलं निघतं, कोणाचं कच्चं. म्हणून रोज त्याची मनधरणी करायची. आणि ज्याचं त्याचं नशीब ज्याच्या त्याच्या डोक्यात, म्हणून एकाच्या पायगुणानं दुसऱ्याचं वाटोळं होत नाही. घरातल्या गेलेल्या माणसांना पाणी पाजल्याशिवाय आपण प्यायचं नाही. आणि शेवटी स्वभाव. डोकं कितीही पक्कं आणलं तरी माणूस तापट किंवा कपटी निघाला तर सगळं सांडून जातं. घर टिकतं ते शांत स्वभावावर.

"हे शेवटचं तर आमच्याकडचे कीर्तनकारही सांगतात," मी एकदा टोचून म्हटलं.

"मग बरंच झालं की," नाना म्हणाले. "दोन ठिकाणी सापडलं."

गेलेल्यांना पाणी पाजायच्या नेमापायी त्यांनी पुष्कळ लोकांना नाराज केलं. पाणी असो, ताक असो, चहा असो, पहिला घोट ते जमिनीवर ओतत. आपल्या घरी ठीक आहे; पण बायकांनी सकाळीच सारवलेल्या ओसरीवर जाऊन ते चहा सांडायचे. एकदा मामलेदारांनी गावातल्या चार माणसांना चहाला बोलावलं होतं आणि खाली नवी कोरी सतरंजी होती. नानांनी कप उचलला, सतरंजीकडे पाहिलं, उठून दारापर्यंत गेले, पायरीवर थेंबभर चहा ओतला आणि पुन्हा जागेवर येऊन बसले. मामलेदारांनी विचारलं, "माशी पडली होती का?" नाना म्हणाले, "नाही साहेब, वडील होते." त्यानंतर त्यांना तिथून बोलावणं आलं नाही.

माझ्या संशयाला खरं खतपाणी मिळालं ते त्यांच्या प्रश्नांमुळे. मी बाळंतपण आटोपून घरी आले की हे ओट्यावर वाट पाहत बसलेले. "काय झालं? मुलगा की मुलगी? डोक्याकडून आलं की पायाकडून? नाळ गळ्याभोवती होती का? वजन किती?" पुरुषमाणसानं असं विचारायची पद्धत कुठल्याच गावात नाही. मी खडसावलं तेव्हा म्हणाले, "आकिनच्या मुलखात पोर कसं आलं त्यावरनं त्याचं नाव असतं. पायाकडून आलेल्याचं वेगळं, नाळ गुंडाळून आलेल्याचं वेगळं." मला ते पटलं नाही. पण सांगायला दुसरं कोणी नव्हतं, आणि दिवसभराचं काम कोणाला तरी सांगावंसं वाटतं. हळूहळू मी सांगू लागले. वजनं तर मी न विचारताच सांगायची.

त्यांच्याकडे सिगारेटचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात सोळा बिया. सुपारीपेक्षा लहान, काळ्या, टणक. आकिननं दिल्या, असं ते सांगत. मेलेल्या शिपायाच्या सामानातून उचलल्या असतील, असं मला वाटे. त्या मुलखातले जाणते अशा बिया हातात खेळवून, लाकडाच्या भुकटीत रेघा ओढून, घरावर काय येणार ते सांगतात म्हणे. साहजिकच लोक नानांकडे येऊ लागले. मिरचीचा एक व्यापारी नंदुरबारहून आला तो दिवस मला चांगला आठवतो. धंदा चांगला होता, पण घरात पैसा ठरत नाही अशी त्याची तक्रार. नानांनी डबा उघडला, बिया या तळहातातून त्या तळहातात घेतल्या, पुन्हा पुन्हा घेतल्या, आणि डबा बंद केला.

"तुमच्या बहिणीशी बोलणं बंद आहे का?"

व्यापारी चपापला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मघाशी तुम्हीच घरच्या सगळ्यांची नावं सांगितलीत. बहिणीचं नाव घेताना अडखळलात. आधी तिला भेटून या."

तो गेल्यावर मी आतून बाहेर आले. "बिया काय म्हणाल्या, नाना?"

"मला कुठं वाचता येतात त्या? हातात धरल्या की तेवढा वेळ मिळतो. मी विचार करून घेतो."

मला वाटलं, काय बेरकी माणूस आहे. इतक्या सरळपणे सांगतो की पुढं कोणाला काही बोलताच येऊ नये.

गावात माझ्यापेक्षाही पुढचं बोललं जाई. कोणी म्हणे, काळी विद्या शिकून आलाय. कोणी म्हणे, जमिनीवर डोळा आहे. जमीन होती, आणि भरपूर होती. तापीच्या काठावर, तळोद्यापासून दीड कोसावर, नानांचं मूळ गाव. काळीभोर जमीन, कापूस, दादर ज्वारी आणि मिरची. ती सगळी नानांचे धाकटे भाऊ बापू पाहत. निम्मा वाटा नानांचा, पण त्यांनी कधी वेगळा मागितला नाही. ते का मागत नाहीत याचाच बापूंच्या बायकोला घोर. न मागणारा माणूस काय करील याचा नेम नसतो, आणि याबाबतीत माझं तिच्याशी पूर्ण एकमत होतं.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी, दसऱ्यानंतर, बापूंच्या सुनेला जुळं झालं. सुनेचं नाव केसर, वय अठरा-एकोणीस, आईबाप नसलेली. बाळंतपण मीच केलं. दोन्ही मुली, दोन्ही वजनानं कमी, पण रडायला खणखणीत. मी नाळ बांधत होते तेव्हाच सासू दाराबाहेर कोणाला तरी सांगताना ऐकू आलं, "दोन उन्यात, दोन्ही आंडेरीच." दोन आल्या आणि दोन्ही मुलीच. आवाजात दुःख कमी आणि भीती जास्त होती. त्याच हंगामात मिरचीवर बोकड्या पडला होता, पानं आवळून शेतच्या शेत बसलं होतं, आणि आठ दिवसांपूर्वी चांगला बैल मेला होता. जुळ्या मुलींची बातमी त्या ओळीत जाऊन बसली.

नाना दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं हजर. हातात गुळाची ढेप आणि चवळीची पिशवी. आकिनच्या मुलखात जुळ्यांच्या घरी चवळी शिजवून वाटतात म्हणे. ओसरीत बसून त्यांनी जाहीर केलं, "घरात बरकत आली. तिकडं जुळ्यांची आई बाजारातनं नाचत जाते आणि लोक तिला ओंजळ भरभरून देतात. जुळी पोरं ज्या घरावर खूश, त्या घराला काही कमी पडत नाही."

"मोठी कोणती?" बापूंनी विचारलं. त्यांना मोठ्या भावाचं ऐकायची सवय होती.

"नंतर आली ती मोठी. पहिली तिची चाकर. मोठीनं तिला पुढं धाडलं, जग कसं आहे ते चाखून ये म्हणून."

बापू हसले. घोंगडीवर पडलेली केसरही हसली. सासू हसली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही हसले नाही. वारस नसलेला माणूस दुसऱ्याच्या नातींवर इतकी माया का करतोय, याचा मी विचार करत होते.

सहा आठवड्यांनी नंतर आलेली, म्हणजे नानांच्या हिशेबानं मोठी, जुलाबानं गेली. तीन दिवस मी उकळलेलं पाणी चमच्यानं पाजत होते. उपयोग झाला नाही. राहिलेलीला मी त्याच दिवशी दवाखान्यात आणून काट्यावर ठेवली. पाच पौंड. संध्याकाळी ओट्यावर नाना बसले होते, त्यांना सांगितलं, "एक गेली. दुसरी पाच पौंड आहे."

दुसऱ्या दिवसापासून ते शिवणीच्या लाकडाचा तुकडा घेऊन कोरायला बसले. आठ दिवस कोरत होते. वीतभर बाहुली झाली. हात दोन्ही बाजूंना सरळ, पाय आखूड, डोकं अंगाच्या मानानं फार मोठं. आणि चेहरा-छाती बाळाची नव्हे, मोठ्या बाईची.

"हे काय?" मी विचारलं.

"गेलेली. एक गेलं तर तिकडं अशी करतात. आईनं हिला न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, राहिलेलीबरोबर पदराखाली घ्यायचं. नाहीतर गेलेली तिला हाक मारते."

"पण ही तर मोठी बाई आहे."

"अशीच करतात. का ते त्यानं सांगितलं नाही."

पोर गमावलेल्या कोवळ्या बाईच्या हातात लाकडाचं मूल द्यायचं म्हणजे तिला वेडाच्या वाटेला लावणं. मी नानांना तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि बाहुली घेऊन ते गावाकडे चालू लागले.

आठवड्याभरानं मी बाळ पाहायला गेले. केसर आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. एका बाजूला मुलगी पीत होती, दुसऱ्या बाजूला लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली बाहुली. केसर तिच्या लाकडी डोक्यावरून बोट फिरवत होती. मला पाहून म्हणाली, "दूध उनं, बाई." मुलगी गेली त्या दिवसापासून तिचं दूध आटलं होतं, ते परत आलं होतं. मी हे ऐकलं. नर्स म्हणून माझं पहिलं लक्ष तिथं जायला हवं होतं. पण माझं लक्ष होतं त्या बाहुलीकडे.

बाहेर पडताना अंगणात सासू भेटली. मी तिला म्हटलं, "ती बाहुली काढून घ्या तिच्याजवळून. मला हे लक्षण बरं दिसत नाही."

मी दवाखान्यातलं लक्षण म्हणाले होते. तिनं ऐकलं ते दुसरंच. शिकलेल्या नर्सबाईनंसुद्धा सांगितलं, लक्षण बरं नाही! चार दिवसांत ते गावभर झालं. भगताला विचारलं. तो म्हणाला, बाहुलीत मेलेली येऊन बसली आहे, ती दुसरीलाही खाईल आणि मग घराला; सुनेचा पायगुण वाईट, तिला माहेरी धाडा. माहेरी होता एक भाऊ, तोही स्वतःचं पोट भरायला सुरतेला गेलेला. हे सगळं मला कळलं ते बापूंच्या घरची गाडी मला न्यायला आली तेव्हा. गाडीत नाना आधीच बसले होते.

केसरला धाडायचं का ते ठरवायला गावाबाहेर बापूंच्या खळ्यावर माणसं जमली होती. बोकड्यातून वाचलेली जी काही मिरची होती ती खळ्यावर पसरलेली, लालभडक, आणि उन्हानं तिचा खाट वर येत होता. जो तो शिंकत आणि डोळे पुसत होता. केसर एका कडेला मुलीला घेऊन उभी होती. बाहुली तिच्या कमरेला खोचलेली. केसरचा नवरा उत्तम मान खाली घालून. सासूनं सगळ्यांसमोर सांगायला सुरुवात केली, मिरची, बैल, मेलेली मुलगी, आणि शेवटी माझ्याकडे हात करून, "बाईनीबी सांगं, लक्षण बरं नही."

बापू नानांकडे वळले. "दादा, तुम्हीच सांगा. त्या मुलखाचं हे सगळं खरं आहे का? तुम्ही तो मुलूख पाहिलाय?"

"नाही," नाना म्हणाले.

"मग त्या आकिननं सगळं शिकवलं तुम्हाला?"

"नाही. तो अकरा दिवस माझ्या वॉर्डात होता. बाराव्या दिवशी गेला. अकरा दिवसांत जेवढं सांगितलं तेवढंच मला ठाऊक आहे. अर्धं असेल. अर्ध्याहूनही कमी असेल."

लोकांत कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, झालं, हा माणूस उघडा पडला. मग नाना अहिराणीत बोलू लागले. माझ्याशी ते कधी त्या भाषेत बोलत नसत, म्हणून मला त्यांचा आवाजच वेगळा वाटला. त्यांनी सांगितलं ते असं. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्याही बायकोला जुळं झालं होतं. त्याच घरात. मुलगे होते. दोन्ही चौथ्या दिवशी गेले. मोठी माणसं म्हणाली, बाईचा पायगुण. तिला माहेरी धाडलं. नाना तेव्हा दारात उभे होते आणि काही बोलले नाहीत. दोन महिन्यांत ती तिकडेच वारली. आकिननं पाचव्या दिवशी त्यांना स्वतःच्या जुळ्या पोरांचं सांगितलं, त्यांच्या आईला लोक कसं नाचवत नेतात ते सांगितलं, आणि नानांना वॉर्डात सगळ्यांसमोर रडू फुटलं. साहेबाला वाटलं, ऑर्डरलीला मलेरिया झालाय.

"तठे तिले नाचाडतस," नाना म्हणाले, "आनि आम्ही तिले गाडीमा बसाडं. आते आखो एक गाडी जुपतस का?"

आता आणखी एक गाडी जुपताय का, असं ते विचारत होते. बापू खाली बसले. "गाडी मी हाकेल व्हती," ते म्हणाले. ती गाडी त्यांनीच हाकली होती.

एवढ्यावर ते मिटायला हवं होतं. पण सासू मागे हटली नाही, आणि आज मागं वळून पाहताना मला तिचा राग येत नाही. तिचीही नात जिवंत राहायला हवी होती. ती रडत म्हणाली, दादांचं दुःख मोठं आहे, पण त्यांच्या दुःखापायी ही पोरगी मरू द्यायची का? बाहुली तिला शोषतेय. पाहा तिचे हातपाय. लोकांना ते पटलं. काडीसारखे हातपाय खरंच होते.

बापूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही शिकेल शेतस. तुम्ही सांगा. हाई बाहुली पोरले खाई टाकी का?"

खळ्यावर मिरची तोलायचा मोठा काटा टांगलेला होता. मी म्हटलं, "बोलून काय उपयोग? तोलून पाहू."

पारड्यातली मिरची झटकली, फडकं अंथरलं आणि मुलीला त्यात ठेवलं. दुसऱ्या पारड्यात दोन शेर, मग अर्धा शेर. दांडी सरळ झाली. पारड्याला मिरचीची पूड चिकटलेली होती. मुलगी एकदा शिंकली, दोनदा शिंकली, आणि मग अशी शिंकत सुटली की सगळे खळखळून हसले. मी हसले नाही. मी मनात हिशेब करत होते. अडीच शेर म्हणजे पाच पौंडांच्या जेमतेम वर. जिथल्या तिथं. बहीण गेल्यापासून मुलगी वाढली नव्हती म्हटलं तरी चालेल. दूध परत येऊन फार दिवस झाले नव्हते; ती पुढं वाढेल अशी मला आशा होती. पण आशेला पारड्यात वजन नसतं.

"आज अडीच शेर," मी मोठ्यानं म्हणाले. "बहीण गेली त्या दिवशी मी हिला दवाखान्यात तोललं होतं. चार पौंड. म्हणजे दोन शेरांनाही कमी. त्यानंतर अर्धा शेर वाढली. ती बाहुली घरात आली तीही याच दिवसांत. आता तुम्हीच बघा, कोण कोणाला खातंय."

मी आयुष्यात रोग्याच्या कागदावर खोटा आकडा लिहिलेला नाही. बोलले मात्र त्या दिवशी. पुढं ती मुलगी गेली असती तर लोकांनी केसरला सोडलं नसतं, आणि तो दोष माझ्यावर आला असता. तरीही बोलले.

सासूनं पारड्यातून नातीला उचललं, छातीशी धरलं आणि तिच्या नाकावरची मिरची पदरानं पुसली. उत्तमनं पहिल्यांदा बायकोकडे मान वर करून पाहिलं. गाडी जुपली गेली नाही.

त्यानंतर होळीपर्यंत मी दर तिसऱ्या दिवशी दीड कोस जाऊन त्या मुलीला पाहत होते. तीन आठवडे जीव मुठीत होता. मग ती अंग धरू लागली, आणि होळीला खरंखुरं साडेआठ पौंड भरली. बाहुली केसरनं दिवळीत ठेवली आणि मुलीबरोबर न्हाऊ घातली. घराला बरकत आली का? दोन वर्षांनी मिरचीला चांगला भाव आला आणि घरच्यांनी त्याचं श्रेय जुळ्यांना दिलं. भाव मात्र नंदुरबारच्या बाजारात सगळ्यांनाच आला होता. नाना असेपर्यंत जमीन वाटली गेली नाही, हेही खरं. माझी बदली झाली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत ते गेल्याचं पत्र आलं. पुढं नाशिकला लष्करातून निवृत्त झालेले एक डॉक्टर भेटले. त्यांनी त्या योरुबा शिपायांबरोबर काम केलं होतं. मी सहज विचारल्यासारखं केलं. जुळ्यांच्या लाकडी बाहुल्यांचं त्यांनीही ऐकलं होतं. माझा निम्मा संशय तिथं गेला. उरलेला निम्मा मी ठेवला आहे.

पण त्या खळ्यावरून परत येतानाचं सांगायचं राहिलं. गाडी बापूंकडेच ठेवून नाना आणि मी पायी निघालो होतो. दोन्ही बाजूंना दादरीची शेतं, वाट अरुंद, म्हणून ते पुढं आणि मी मागं. पुष्कळ अंतर चालून झाल्यावर ते मागं न वळता म्हणाले, "बाई, ती पाच पौंड होती. तुम्हीच मला सांगितलं होतं."

"हो."

"मग चार का म्हणालात?"

मला एकदम चीड आली. "मग काय म्हणायला हवं होतं? आणि तुम्ही विचारताय हे? तुम्ही तरी इतके दिवस दुसरं काय करत होतात? तो मुलूख, तो कुंभार, त्या बाजारात नाचणाऱ्या बाया! लोकांनी चार गोष्टी ऐकाव्यात म्हणून तुम्हीही रचून सांगितलंतच ना? मी एक आकडा रचला. तुमच्याकडूनच शिकले म्हणा."

नाना थांबले. वळून माझ्याकडे पाहत राहिले. ज्या माणसावर दोन पावसाळे मी डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली होती, त्याचा चेहरा इतका दुखावलेला मी कधी पाहिला नव्हता.

"मी तर सगळं खरंच सांगत होतो, बाई," ते म्हणाले.